रूममेट म्हणते, तुझ्याबरोबर चर्चला येऊ का? मग मी मिशनरी कसली?

तुझा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात परत सांगते. तू वसईकडची, पुण्यात हिंजवडीला नोकरीला, फ्लॅटमधे तू आणि आणखी दोघी मुली, दोघीही हिंदू. रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला, फादर म्हणाले की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक माणूस मिशनरी शिष्य आहे, आणि तेव्हापासून तू अस्वस्थ आहेस. त्यातल्या एका रूममेटचे वडील मागच्या वर्षी गेले, ती रात्री तुला रोझरी, म्हणजे जपमाळ, करताना बघते, आणि गेल्या आठवड्यात तिने विचारलं की मी एकदा तुझ्याबरोबर चर्चला येऊ का. नेलं तर लोक म्हणतील धर्मांतर करतेय, नाही नेलं तर मी येशूला लपवतेय असं वाटतं, असं तू लिहिलंयस. आणि अगदी शेवटी एक वाक्य आहे, "मला तिला बदलायचं नाहीये, पण मग मी मिशनरी कसली?"

तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी रिटायर्ड नर्स, 31 वर्षं मुंबईतल्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलला काढली, वसई रोडवरून रोज लोकलने जाऊन येऊन. गेली वीसेक वर्षं आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, आरसीआयएच्या टीममधे आहे, म्हणजे मोठ्या वयात ख्रिस्ती श्रद्धेबद्दल विचारत येणाऱ्यांच्या सोबत बसायचं, त्यांचं ऐकायचं, शिकवायचं, आणि आजाऱ्यांना घरी कम्युनियन, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली पवित्र भाकर, नेऊन द्यायचं. सेमिनरीत शिकलेली नाही. वाचून, फादरांना विचारून आणि मुख्य म्हणजे चुकून जे कळलं तेवढंच सांगते.

तिला चर्चला न्यायचं की नाही, हा तुझा खरा प्रश्न नाहीच. ती स्वतः विचारतेय, सज्ञान आहे, ये म्हणायचं, संपलं. खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. तुझ्या मनात मिशनरी म्हणजे समोरच्याला बदलणारा माणूस असं बसलंय, त्यामुळे तुला दोनच वाटा दिसतात, बदलणं नाहीतर गप्प बसणं. माझ्याही मनात बरीच वर्षं तसंच होतं.

आपल्याकडे मिशनरी म्हटलं की झगा घातलेला परदेशी फादर, त्याची शाळा, त्याचा दवाखाना असंच चित्र उभं राहतं. पण फादरांनी तुम्हाला जे सांगितलं ते पोप फ्रान्सिस यांच्या 2013 च्या इव्हान्जेली गॉडियम या पत्रातलं आहे, 120 वा परिच्छेद, तिथे ते म्हणतात की आपण शिष्य आणि मिशनरी असे दोन वेगळे शब्द आता वापरू नयेत, आपण नेहमीच मिशनरी शिष्य असतो. हा विचार त्याआधी 2007 मधे ब्राझीलच्या अपारेसिदाला लॅटिन अमेरिकेतले बिशप जमले होते तिथे घडला, आणि तिथला दस्तऐवज लिहिणाऱ्या समितीचे प्रमुख तेव्हाचे कार्डिनल बेर्गोलिओ, म्हणजे पुढे झालेले पोप फ्रान्सिसच होते. आपण मराठी माणसं यातल्या मिशनरी शब्दाला घाबरतो आणि शिष्य शब्दावरून नुसती पुढे जातो. खरं तर शिष्य हा शब्द आपल्या भाषेत केवढा मोठा आहे, गुरूच्या जवळ राहून त्याचं बघून बघून शिकणारा तो शिष्य. बायबलमधे मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, 3:14 काढून बघ, येशूने बारा जणांना नेमलं ते कशासाठी, तर त्यांनी त्याच्याबरोबर असावं आणि त्याने त्यांना पाठवावं. आधी बरोबर असणं. रिट्रीटवरून आल्यावर आपल्याला पाठवणं तेवढं आठवतं आणि आपण लगेच कोणाला काय सांगू याच्या मागे लागतो.

म्हणून मला कोणी विचारलं की मिशनरी व्हायला सुरुवात कुठून करू, तर मी विचारते की सकाळी किती वेळ त्याच्याजवळ बसतेस. दहा मिनिटं तरी. शुभवर्तमानातला त्या दिवसाचा उतारा वाच आणि बस, काही मागू नकोस. हे नसेल तर आपण दुसऱ्याला जे सांगतो ते ऐकीव असतं, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

आता माझी चूक सांगते. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, वयही तुझ्याएवढंच, आणि मी नुकतीच एका रिट्रीटवरून भारावून आलेली. एका बाईचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, ती खूप घाबरलेली. मी तिच्या हातात येशूच्या पवित्र हृदयाचं छोटं चित्र दिलं आणि म्हटलं याची प्रार्थना करा, सगळं ठीक होईल. तिने घेतलं, उशीखाली ठेवलं. मला इतका आनंद झाला की घरी येऊन आईला सांगितलं. ऑपरेशन नीट झालं. चार दिवसांनी तिची मुलगी मला बाजूला घेऊन चित्र परत देत अगदी हळू आवाजात म्हणाली, सिस्टर, आईला वाटलं नाही म्हटलं तर तुम्ही तिच्याकडे नीट बघणार नाही.

ते वाक्य माझ्या काळजात अजून आहे. माझ्या मनात तसं काही नव्हतं, पण त्याने काय फरक पडतो, माझ्या हातात तिचं इंजेक्शन होतं, सलाईन होतं, आणि तिच्या हातात नाही म्हणायची ताकद नव्हती. पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या फादरांनी मला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरातले कॅथोलिक बिशप रोमला जमले होते त्या सभेचा, धर्मस्वातंत्र्यावरचा दस्तऐवज दाखवला, 7 डिसेंबर 1965 चा, त्यातल्या चौथ्या परिच्छेदात सरळ लिहिलंय की श्रद्धा पसरवताना जबरदस्तीचा किंवा अयोग्य रीतीने मन वळवण्याचा वाससुद्धा येता कामा नये, आणि गरीब किंवा अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर ही काळजी जास्त घ्यायची. मी वाचलं आणि मला ती बाईच डोळ्यासमोर दिसली.

तुझ्या बाबतीत हे कसं लागू होतं? तुझी मैत्रीण तुझ्यावर अवलंबून नाही, भाडं दोघी सारखं भरता, त्यामुळे इंजेक्शनचा प्रश्न नाही. पण तिचे वडील गेलेत. दुःखात माणूस कुठल्याही उबेकडे सरकतो. तिच्या त्या दुःखाला संधी समजू नकोस, एवढंच. तिला आत्ता बाबांबद्दल बोलायचं असेल, तर बाबांबद्दलच बोलू दे. तुला आवडतं ते वचन तिथे घुसडू नकोस, ते कितीही सुंदर असलं तरी.

येशू स्वतः माणसांना कसा भेटतो हे शुभवर्तमानात पुन्हा पुन्हा बघ, मला तरी सगळं तिथेच सापडलं. विहिरीवरच्या शोमरोनी बाईला तो आधी काय म्हणतो, तर मला प्यायला पाणी दे. तो दमलाय, तहानलाय, तिच्याकडे मागतो. सुरुवात देण्यापासून नाही, मागण्यापासून. अम्माऊसच्या वाटेवर दोघं शिष्य येशू गेला म्हणून रडवेले होऊन चाललेत, पुन्हा उठलेला तो ओळख न देता त्यांच्याबरोबर चालायला लागतो आणि विचारतो, तुम्ही चालताना काय बोलत होता? त्याला सगळं माहीत असून तो विचारतो आणि त्यांचं पूर्ण ऐकून घेतो, मग शास्त्र समजावतो. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, गाव जवळ आल्यावर तो पुढे जायला निघतो. ते म्हणतात आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ झालीय, तेव्हा तो आत जातो. बोलावल्याशिवाय देव पण घरात शिरत नाही, मग आपण कोण?

हे ऐकण्याचं काम मला लोकलने शिकवलं. आमचा लेडीज डबा ठरलेला, ग्रुप ठरलेला, नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या, संक्रांतीला डब्यातच हळदीकुंकू नि तिळगूळ, नाताळच्या आधी मी फुगे, म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोळे, करून न्यायचे आणि ते बोरिवली येईपर्यंत संपलेले असायचे. माझ्या बोटात दहा मण्यांची रोझरीची अंगठी असायची, सीट मिळाली की मी डोळे मिटून माळ करायचे. माझ्या शेजारी बसणारी एक बाई, बँकेत होती, विरारहून यायची, अकरा वर्षं रोज बघत होती, आणि अकराव्या वर्षी तिने विचारलं, अगं तू रोज बोटावर काय मोजतेस? मी सांगितलं की येशूच्या आयुष्यातले प्रसंग आठवत मरियेची प्रार्थना म्हणते, दहा-दहाच्या पाच माळा. ती म्हणाली, म्हणजे नामस्मरणच की.

माझ्या जिभेवर आलं होतं की नाही गं, हे वेगळं आहे, आणि वेगळं आहेच. पण का कोण जाणे, मी गप्प राहिले आणि तिलाच विचारलं, तुझं नामस्मरण कसं असतं? मग ती बोलायला लागली. तिची आई माळकरी, पहाटे जात्यावर नाही पण गिरणीतून आणलेलं पीठ चाळताना हरिपाठ म्हणायची, आई गेल्यावर हिने म्हणायचं सोडलं, कारण पहिल्याच ओळीला रडू यायचं. अंधेरी आलं, दादर आलं, ती बोलतच होती. तिच्या आईची गोष्ट ऐकताना मला माझीच रोझरी आठवली, मी ती कितीतरी दिवस नुसती मोजत होते, म्हणत नव्हते. त्या संध्याकाळी मी परत नीट माळ केली. तिने मला येशूकडे पाठवलं असं मी म्हटलं तर ते खोटं होणार नाही. ती ख्रिस्ती झाली नाही, तसा विषयही कधी निघाला नाही. माझे मिस्टर आयसीयूत होते तेव्हा ती रोज ऑफिस सुटल्यावर येऊन बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसायची, आणि दुसऱ्या दिवशीपासून तिने परत हरिपाठ म्हणायला सुरुवात केली होती, माझ्या नवऱ्यासाठी.

आता कोणी विचारेल, मग यात सुवार्ता, म्हणजे येशूबद्दल सांगणं, कुठे आली? हा प्रश्न मी टाळत नाही. माझं मत असं आहे की भेट ही सुवार्तेची पायरी नाही, म्हणजे आधी मैत्री करा आणि मग हळूच विषय काढा असं ते नाही. तसं करणारे लोक मी पाहिलेत आणि समोरच्याला ते आज ना उद्या कळतंच, मग मैत्री पण जाते. समोरच्या माणसात देव आपल्या आधी पोचलेला असतो असं मानून त्याला भेटायचं. शताधिपतीची, म्हणजे एका रोमन सैन्याधिकाऱ्याची, श्रद्धा बघून येशूलाच आश्चर्य वाटलं होतं, एवढी श्रद्धा इस्राएलात पण पाहिली नाही म्हणाला, आणि तो माणूस यहुदी नव्हता. 1964 च्या डिसेंबरमधे पोप सहावे पॉल मुंबईला युकॅरिस्टिक काँग्रेसला, म्हणजे कॅथोलिकांच्या जागतिक मेळाव्याला, आले, माझी आई वसईहून ओव्हल मैदानावर गेली होती, शेवटपर्यंत सांगायची. त्या वेळी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना पोप महोदयांनी उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली, असतो मा सद्गमय. ज्याला सांगायचंय त्याच्या घरातला दिवा आधी बघितला त्यांनी. पुढच्याच वर्षी, 28 ऑक्टोबर 1965 ला, त्या व्हॅटिकन परिषदेने नॉस्त्रा एताते हा इतर धर्मांबद्दलचा दस्तऐवज काढला, त्यात लिहिलंय की इतर धर्मांमधे जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही.

पण दुसऱ्या बाजूची चूकही आपल्याकडे तेवढीच होते, आणि वसईच्या माणसांकडून तर जास्तच. आपण गावात सगळे आपलेच, देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा ऐकत मोठे झालेलो, श्रद्धा शब्दात सांगायची वेळच कधी आली नाही. बाहेर गेल्यावर कोणी विचारलं की तुम्ही रविवारी काय करता, तर आपण म्हणतो काही नाही, प्रेयर असते. येशूचं नाव तोंडातून निघत नाही. आणि वर म्हणतो, मी माझ्या वागण्यातून साक्ष देते. पोप सहावे पॉल यांनीच 1975 मधे लिहिलेल्या पत्रात हे दोन्ही आहे, 21 व्या परिच्छेदात ते म्हणतात आधी साक्ष, आपलं जगणं बघून लोकांच्या मनात प्रश्न उठले पाहिजेत, आणि लगेच 22 व्यात म्हणतात की कितीही चांगली साक्ष असली तरी ती उलगडून सांगितली नाही, येशूचं नाव घेतलं नाही, तर शेवटी ती अपुरी पडते. तुझ्या मैत्रिणीच्या मनात प्रश्न उठलाय. आता गप्प बसणं हा नम्रपणा नाही, त्याला मी घाबरणं म्हणेन.

विचारलं की सांगायचं, हा माझा नियम. पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे, 3:15, तुमच्या आशेचं कारण जो विचारील त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. आणि सांगायचं ते स्वतःचं. कॅटेकिझमचं, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तकातलं, उत्तर नको, ते नंतर, तिला हवं असेल तेव्हा. मला येशू का हवा, माझ्या कुठल्या रात्री तो माझ्याजवळ होता, एवढंच. पोप फ्रान्सिस यांनी त्या पत्रातच पुढे 127 आणि 128 मधे हा क्रम दिलाय, घरी, रस्त्यात, प्रवासात होणाऱ्या साध्या बोलण्याबद्दल आहे ते. आधी समोरच्याचं ऐका, त्याचे आनंद, त्याच्या काळज्या, मग वचनाबद्दल बोला, आणि योग्य वाटलं तर छोटीशी प्रार्थना करा, जी त्याने सांगितलेल्या काळज्यांबद्दलच असेल. मी पेशंटबरोबर पुढे असंच केलं. "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" असं विचारायचे, आणि नाही म्हटलं तर पाणी हवंय का विचारायचे, चेहरा तोच ठेवून. बहुतेक जण हो म्हणायचे. एक आजी म्हणाल्या, कर, पण माझ्या विठोबाला पण सांग, मी म्हटलं आजी त्याला तुम्ही सांगा, येशूला मी सांगते. त्या हसल्या आणि दोघींनी डोळे मिटले.

संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचा, दर वर्षी आपण सण करतो पण तो कोण होता हे किती जण मुलांना सांगतात? सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. तो फादर नव्हता गं. तरुणपणी जेझुइट संघाच्या फादरांबरोबर जपानला गेला, तिथे धर्मशिक्षक म्हणून काम केलं, व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर, म्हणजे फादर नसलेला व्रतस्थ, झाला. त्याला 1593 मधे परत जपानला नेलं ते कशासाठी, तर त्याला जपानी उत्तम यायचं, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात दुभाष्या म्हणून. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला 26 जणांना क्रूसावर मारलं त्यात तो होता, आणि 1862 मधे तो संत झाला. मला त्याच्या मरणाइतकंच त्याचं भाषा शिकणं महत्त्वाचं वाटतं. परक्या माणसाची भाषा एवढी शिकायची तर किती वर्षं त्यांच्यात बसून ऐकावं लागलं असेल. इकडे गोव्यात फादर स्टीफन्स 1579 मधे आले, इंग्रज माणूस, आणि मराठी अशी शिकले की 1616 मधे त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून निघालं. तुला जपानी शिकायची गरज नाही, पण तुझी मैत्रीण दुःखाबद्दल कुठल्या शब्दांत बोलते, तिच्या घरी देवाला काय म्हणतात, ते तुला माहीत आहे का? विचार तिला.

आपले मोठे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक प्रोटेस्टंट होते, पण त्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. आगगाडीत नागपूरहून राजनांदगावला जाताना एक अनोळखी गोरा माणूस भेटला, आदराने वागला, कवितेबद्दल बोलला, निघताना नवा करार हातात दिला. त्या माणसाचं नाव टिळकांना पुढेही कळलं नाही. 1895 मधे टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लोक ही गोष्ट इथपर्यंत सांगून थांबतात. पण त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, घर मोडल्यासारखंच झालं, किती रडल्या त्या. पुढे त्या स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या वेळेला आल्या, आणि म्हणूनच त्यांची श्रद्धा त्यांची होती. एका माणसाच्या निर्णयाच्या मागे आई असते, बायको असते, हे आपण विसरायचं नाही.

म्हणून, समजा उद्या तुझी मैत्रीण म्हणालीच की मला बाप्तिस्मा घ्यायचाय. तू उड्या मारू नकोस. घाई करू नकोस, तिला करू देऊ नकोस. तिला तिथल्या फादरांकडे ने आणि तू बाजूला हो, म्हणजे मैत्रीण म्हणून राहा, शिक्षक होऊ नकोस. आमच्याकडे कोणी आलं की आम्ही पहिल्यांदा विचारतो घरी माहीत आहे का, का वाटतंय, लग्नासाठी आहे का, आजार बरा होईल म्हणून आहे का, कोणी काही देतो म्हटलंय का. वर्षभर तरी सोबत बसतो, पुष्कळदा जास्त, आणि बाप्तिस्मा ईस्टरच्या जागरण रात्री. एका मुलाला आम्ही दोन वर्षं थांबवलं होतं कारण तो आईशी भांडून आला होता. तो चिडला, म्हणाला देवाला मी हवाय आणि तुम्हाला नको. आम्ही म्हटलं आईशी बोलत राहा. शेवटी ईस्टरला त्याची आई पहिल्या बाकावर बसली होती, कपाळाला कुंकू, हातात पेटलेली मेणबत्ती. आणि मधेच सोडून गेलेले पण आहेत. त्यांच्याशी मैत्री तुटली नाही.

कायद्याचं दोन वाक्यांत. घटनेच्या 25 व्या कलमाने धर्म पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क सगळ्यांना दिलाय, आणि सुप्रीम कोर्टाने 1977 मधे म्हटलंय की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. राज्याराज्यात वेगवेगळे कायदे आहेत, ओडिशात 1967 पासून, मध्य प्रदेशात 1968 पासून, त्यामुळे तू जिथे राहतेस तिथलं फादरांना किंवा वकिलाला विचारावं. पण मैत्रीण स्वतःच्या मनाने येऊन मिस्सा, म्हणजे आपली चर्चमधली मुख्य उपासना, बघते यात लपवण्यासारखं काहीच नाही, बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला किंवा सप्टेंबरात बांद्र्याच्या मोतमावलीच्या, म्हणजे मरियेच्या, जत्रेला जाऊन बघ, रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात. आमच्या नगरकडच्या नातेवाइकांना विचार, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला कोण कोण येतं. फक्त तिच्या घरी माहीत असू दे. आईला फोन करून सांग म्हणावं की मी मैत्रिणीबरोबर चर्चला जातेय. लपवून केलेली गोष्ट चांगली असली तरी पुढे जड जाते.

तू कुठेतरी मधेच प्रसादाचं पण विचारलंयस, गणपतीत त्यांच्या घरी गेले तर काय करू. हे थोडं तुझ्या विवेकावर आणि तुझ्या फादरांच्या सल्ल्यावर आहे, आमच्या घरातच यावर दोन मतं आहेत. संत पॉलने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात 8 वा आणि 10 वा अध्याय याच्यावरच आहे, नीट वाच. मी स्वतः जाते, बसते, पंगतीला जेवते, यजमानीणबाईंना वाकून नमस्कार करते. आरती-पूजा करत नाही, आणि का करत नाही ते आधीच प्रेमाने सांगून ठेवलंय, कोणाला वाईट वाटलेलं नाही. उलट ज्यांना आपली श्रद्धा प्यारी आहे त्यांना दुसऱ्याची पटकन कळते. तिला आपल्याकडे बोलवायचं आणि आपण तिच्याकडे जायचं नाही, याला भेट म्हणत नाहीत. तिच्या वडिलांचं वर्षश्राद्ध जवळ आलं असेल, तिला विचार की मी तुझ्याबरोबर गावी येऊ का. तिथे तुला काहीच बोलायचं नाहीये, तिच्या आईच्या शेजारी बसायचं, भांडी घासायला लागायचं. मिशनरी कसली असं विचारलंस ना, ही अशी.

आता या रविवारचं. मराठी मिस्साला ने, इंग्रजीला नको, शब्द कळू देत. आदल्या दिवशी तिला साधारण सांगून ठेव की कधी उभं राहतात, कधी बसतात, तिने सगळं करायलाच हवं असं नाही, नुसती बसून राहिली तरी चालतं. दानाची झोळी फिरेल तेव्हा काही टाकायची गरज नाही. कम्युनियनच्या रांगेत आपण का जातो आणि तिने का जायचं नाही, हे आधीच सांग, तिथे ऐन वेळी हात धरून बसवू नकोस, तिला सगळ्यांसमोर लाजल्यासारखं होईल. सांगताना नियम म्हणून सांगू नकोस, म्हणावं की आम्ही मानतो तो तिथे खरंच असतो, आणि ते घेणं म्हणजे त्याला हो म्हणणं असतं, म्हणून कोणाकडूनही नुसतं पद्धत म्हणून ते हो घेत नाही. एकमेकांना शांती देतात तेव्हा हात जोडून नमस्कार करतात, तो तिला आपोआप येईल. आपल्याकडे 1969 मधे रोमने भारतासाठी जे 12 बदल मान्य केले त्यातला तो एक आहे, आणि मला तो क्षण फार आवडतो, सगळं चर्च नमस्कार करत असतं.

बाहेर आल्यावर लगेच कसं वाटलं विचारू नकोस. चहा प्या. तिला बोलायचं असेल तर बोलेल, नसेल तर ऑफिसचं बोला.

आणखी एक, पुष्कळ कॅथोलिकांना हे माहीत नसतं. मिस्सा फक्त ख्रिस्ती मृतांसाठीच सांगता येते असं नाही. कॅनन लॉचा, म्हणजे चर्चच्या कायद्याचा, 901 वा नियम आहे, फादर कोणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतात, जिवंत असो की मृत. तेव्हा मिस्सा झाल्यावर, ती आणि तू दोघीच असाल तेव्हा, तिला तिच्या बाबांचं पूर्ण नाव विचार आणि सांग की तुला चालणार असेल तर मी एक दिवस त्यांच्यासाठी मिस्सा सांगेन. ती नको म्हणाली तर नको, परत विषय काढू नकोस. हो म्हणाली तर चर्चच्या ऑफिसात जाऊन नाव लिहून ये, तारीख मात्र तिलाच ठरवू दे, कदाचित ती त्यांचा वाढदिवस सांगेल.